उलट्या वल्ह्याचे दिवस

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. ही माहिती मी गेल्या सहा वर्षांत माझ्या खात्याला अठरा वेळा लेखी कळवली आहे. अठराही वेळा पोच मिळाली. 'नोंद घेण्यात आली आहे,' असे पोचेत असे, आणि त्याच लिफाफ्यात दुसरा कागद असे: 'आपल्या दैनिक तक्त्यातील भरती-ओहोटीचा रकाना सातत्याने रिकामा आढळतो. खुलासा करावा.'

मी हवामान निरीक्षक आहे. जिंतूर तालुक्यातल्या एका धरणाच्या पाण्यावर आज लाटा किती उठतील आणि काठावर कशा फुटतील, हे रोज सकाळी सात वाजता घाटावरच्या पाटीवर लिहिणे हे माझे काम. खात्याचे नाव लिहीत नाही. ते कोणते, याविषयी खात्यातही एकमत नाही. या अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतले अनुभव लिहा, जरा हलकेफुलके असू द्या,' असे कळवले. हलकेफुलके पुष्कळ आहे. मात्र त्यात एका म्हाताऱ्या नावाड्याचा गुत्ता, म्हणजे नावेचा ठेका, माझ्यामुळे जाऊ लागला होता आणि सात शेळ्या खरोखरच गेल्या. तेवढा भाग सोडून वाचकांनी हसायला हरकत नाही.

माझे पद कसे जन्माला आले, ते आधी सांगते. कुठल्याशा जलाशयावर नाव उलटली, वरून प्रश्न आला, आणि उत्तर देण्यापेक्षा पद निर्माण करणे सोपे म्हणून पद निर्माण झाले. पदाला तक्ता लागतो. आमच्या साहेबांची आधीची नोकरी किनारपट्टीवर झालेली. तिथल्या पर्यटकांच्या चौपाटीसाठी छापलेला एक तक्ता त्यांच्या ट्रंकेत होता. तोच इथे लागू झाला. त्यात वाऱ्याची दिशा आणि वेग, आकाश, लाटेची उंची, पाण्याचे तापमान हे रकाने आहेत, आणि ते उपयोगाचे आहेत. त्याखाली भरती-ओहोटीच्या वेळा आहेत. त्याखाली 'जेलीफिश आढळल्यास संख्या' आहे. सर्वांत शेवटी ठळक अक्षरांत: 'किनारा स्नानास अनुकूल / प्रतिकूल, नको ते खोडावे.'

मी पालमची. आमच्या घरी पाणी म्हणजे आडाचे, आणि उन्हाळ्यात टँकरचे. पोहायला मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर शिकले, कारण नेमणुकीच्या अटींत ते होते. तेव्हा चोविसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेल्या एवढ्या पाण्यासमोर उभे राहून, मी पहिल्या दिवशी लिहिले: जेलीफिश, शून्य. पाण्याचे तापमान एकोणतीस अंश. किनारा स्नानास अनुकूल. घाटावर दोन म्हशी आंघोळ करत होत्या, त्यामुळे विधान पुराव्यानिशी होते.

लाट कशी होते, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, अवघड नाही. लाटेला तीन गोष्टी लागतात: वाऱ्याचा वेग, वारा किती वेळ वाहिला ते, आणि त्याला धावायला मोकळे पाणी किती लांब मिळाले ते. समुद्रावर मोकळ्या पाण्याला तोटा नाही, म्हणून तिथली लाट दुरून येते, लांबट असते आणि दोन लाटांमध्ये श्वास घेण्याइतकी उसंत देते. आमचे पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे काही मैलच पसरलेले आहे. त्यावरची लाट बुटकी, उभ्या अंगाची आणि घाईची असते; दोन-दोन सेकंदांना एक. पत्र्याच्या छपराच्या पन्हळी डोळ्यांसमोर आणा आणि त्या चालू लागल्या आहेत असे समजा. काठाजवळ पाणी उथळ झाले की लाटेचे पाय तळाला अडखळतात, डोके मात्र पुढे चाललेले असते, आणि ती तोंडावर पडते. यालाच लाट फुटणे म्हणतात. पाय अडखळलेले आणि डोके पुढे, ही अवस्था मी कचेरीतही पाहिली आहे. तिथे मात्र कोणी फुटत नाही, बढती मिळते.

समुद्रावर गुडघाभर लाटेला कोणी लाट म्हणणार नाही. इथे तीच लाट सपाट बुडाच्या नावेला आडवी लागली, तर दोन-तीन फटक्यांत नाव भरते. अल्याडचा घाट धरणाच्या भिंतीजवळ, आडोशाला आहे. पल्याडचा उतार मात्र वाळू-मुरमाचा, पश्चिमेकडे तोंड करून उघडा पडलेला. लाटा फुटायला याहून चांगली जागा आखूनही सापडली नसती. पल्याडच्या चार गावांना जिंतुराला यायचे तर एसटीने अर्ध्या तालुक्याचा वळसा, किंवा सटवाजीमामांच्या नावेने पाऊण तास.

सटवाजीमामा भोई. धरण होण्याआधी नदीवर, धरण झाल्यावर धरणावर. पाणी पसरले तसे तेही सरकले. नावेचा गुत्ता वर्षानुवर्षे त्यांच्याकडे होता. मी बरोबर वाट्यांची भिंगरी आणि बाणाचा खांब घेऊन हजर झाले, तेव्हा ते साठीच्या पुढे होते.

"म्याडम, ही भिंगरी कशाला हो?"

"वारा मोजायला, मामा. त्यावरून लाट किती येणार ते आधी सांगता येते."

"बरं हाय," ते म्हणाले. "मी आपला इतके दिस आल्यावर बघायलोय."

त्यांची पद्धत अशी. घाटापासून हाकेच्या अंतरावर, आडोसा संपतो तिथे, पाण्यात एक वाळलेली बाभूळ उभी आहे. धरणात बुडालेल्या कुणाच्या तरी शेताच्या बांधावरची. मामा सकाळी येऊन चिलीम संपेपर्यंत त्या बाभळीकडे पाहत. पाणी शांत असेल त्या पातळीपासून वीतभर वर फांद्यांचे जे बेचके असेल, ते धरायचे. लाटेने ते झाकले, उघडले, झाकले, उघडले, असे सुरू झाले की नाव बंद. मग ते वल्हे घाटाच्या तोंडाशी उलटे रोवत, पाते आभाळाकडे. ते पाते दुरून दिसे, आणि लोक चढण न उतरता मागच्या मागे फिरत. 'आज वल्हं उलटं हाय,' एवढे एक वाक्य आसपासच्या गावांत पुरे होते. त्याला खुलासा कोणी मागत नसे.

मी अर्थातच मागितला.

"पण मामा, धरणाचे पाणी चढते, उतरते. बेचके आहे तिथेच राहते. मग तुमचे माप चुकणार नाही का?"

"पाणी चढलं की वरचं बेचकं," ते म्हणाले. मग एम.एस्सी.कडे ज्या दयेने पाहावे त्या दयेने पाहत म्हणाले, "बाबळीला काय एकच बेचकं असतंय का, म्याडम?"

मी वहीत लिहिले: 'स्थानिक पद्धत. अशास्त्रीय.'

आता माझी पद्धत. वाऱ्याचा खांब उघड्यावर, पाण्याकाठी, आसपास झाडे नसतील तिथे उभारायचा असतो. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर हे आहे. साहेबांनी तो धरणाशेजारच्या विश्रामगृहाच्या हिरवळीवर उभारला. कारण पाहुणे हिरवळीवर बसतात, चहा घेतात, आणि भिंगरी फिरताना पाहून त्यांना विज्ञानाचा आनंद होतो. खांबाला सिमेंटचा ओटा केला, ओट्याला चुना, भोवती पांढरे कुंपण. पश्चिमेच्या आणि वायव्येच्या मधल्या कोपऱ्यात नीलगिरीच्या उंच झाडांची दाट रांग होती. मी हरकत घेणारे पत्र दिले. साहेब म्हणाले, "मॅडम, झाडांनी किती फरक पडणार? वारा काय, सगळीकडे वारा."

पत्र दिल्याने माझे कर्तव्य संपले, असे मी मानले. खरे कारण वेगळे होते. मला परभणी जिल्ह्यातून बाहेर पडायचे होते, आणि तेही लाटेवरून. देशात बंदिस्त पाण्यावरच्या लाटांचा नीट अभ्यास फार कोणी केलेला नव्हता; माझ्या हाती रोजच्या नोंदी होत्या. दोन पावसाळ्यांच्या आकड्यांतून मी एक सूत्र बसवले. हिरवळीवरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा घाला, पल्याडच्या उतारावरच्या लाटेची उंची घ्या. सूत्र देखणे होते. त्यावर निबंध लिहिला, पुण्याच्या एका संशोधन संस्थेत जागा निघाली होती तिथे तो पाठवला, आणि मुलाखतीचे पत्र येण्याची वाट पाहू लागले.

सूत्रात एक किरकोळ अडचण होती. दोन पावसाळ्यांत चौदा दिवस असे होते, की माझी भिंगरी वारा मंद दाखवत होती आणि मामांचे वल्हे उलटे होते. त्या दिवशी नाव गेलीच नाही, त्यामुळे पल्याड लाट किती होती ते कोणी मोजले नाही. मी ते चौदा दिवस निबंधातून काढून टाकले. त्यासाठी एक प्रतिष्ठित वाक्य असते: 'अपवादात्मक नोंदी विश्लेषणातून वगळल्या आहेत.' ज्यांना विज्ञानाची भाषा येत नाही त्यांच्यासाठी भाषांतर: म्हाताऱ्याचा गुडघा दुखत असेल.

त्या वर्षांत आमच्याकडे बंद नेहमीचे होते. मी सांगते आहे तो बंद विद्यापीठाच्या नामांतरासाठी होता की नामांतराविरुद्ध, ते आता आठवत नाही. एसटी दोन्हींत सारख्याच निष्ठेने बंद असे. ज्या विद्यापीठाने मला पदवी दिली, त्याच्या नावात एका माणसाचे नाव घालायला आम्हाला सोळा वर्षे लागली आणि मध्ये माणसांची घरे जळली. ते नाव यंदा लागले. माझ्या पदवीपत्रावर जुनेच आहे.

तर त्या श्रावणातल्या सकाळी एसटी नव्हती आणि पल्याड जाणारे सगळे घाटावर जमले होते. मी नेहमीप्रमाणे सातला पाटी लिहिली होती: 'वारा मंद. लाटा नगण्य. किनारा स्नानास अनुकूल.' नऊच्या सुमारास मी पाण्याचे तापमान घ्यायला घाटावर आले, तेव्हा वल्हे उलटे रोवलेले होते आणि त्याच्याभोवती वीस-बावीस माणसे उभी होती. त्यांत एका कचेरीतला कारकून होता, छातीशी कागदांची पिशवी धरलेला. गयाबाई होती. गयाबाई पल्याडची, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली. आदल्या संध्याकाळी बाजाराला आणलेल्या नऊ शेळ्या बाजारच बंद म्हणून परत नेत होती. नावेत शेळी बिथरू नये म्हणून चारी पाय सुतळीने बांधतात. तिने सगळ्या बांधून, घाटावर ओळीने निजवून ठेवल्या होत्या.

"सटवाजी, दुपारच्या आत पोचायचंय मला," कारकून म्हणत होता. "ही पाटी वाचता येती का? सरकारी पाटी हाय. लाटा नगण्य. नगण्य म्हंजे न्हाईतच."

"साहेब, बेचकं भिजायलंय."

"कोणाचं बेचकं? सरकारनं बाई नेमली, मशीन बसवलं, ते काय बाभळीला विचारून?"

लोक हसले. बंदाने आधीच वैतागलेले होते. हसायला निमित्त मिळाले. गयाबाई म्हणाली, "आरं सटवाजी, घरी लेकरं हायेत माय बाबा. न्हेतूस का न्हाईस ते सांग, न्हाईतर ह्यांचे पाय सोडते."

मामांनी माझ्याकडे पाहिले. "म्याडम, तुमी सांगा. जावं का?"

मी बाभळीकडे पाहिले. बेचके भिजत होते; मला दिसत होते. मग मी हातातल्या तक्त्याकडे पाहिले. भिंगरीचा वेग ताशी आठ किलोमीटर. एवढ्याने गवताची पाती हलतात. सूत्रातून येणारी लाट वीतभरही नव्हती. एकीकडे एक वाळलेले झाड होते, दुसरीकडे पुण्याला पाठवलेला निबंध.

"आकडा तर ठीक आहे," मी म्हणाले.

'जा' असे मी म्हटले नाही, हे नोंदवून ठेवते. शास्त्र शिकलेली माणसे असेच बोलतात. पुढे वाक्यातून बाहेर पडायला दार राहते.

मामांनी वल्हे उपटले. ते सरळ करताना त्यांनी पाते धोतराच्या सोग्याने पुसले, एवढे मला आठवते.

मी भिंतीवर जाऊन दुर्बिणीतून पाहत राहिले. आडोसा संपेपर्यंत सगळे सूत्राप्रमाणे चालले होते. त्यापुढे नाव डोलू लागली. मामांनी ती वाऱ्याला आडवी होऊ दिली नाही, आणि त्यांना दीडपट वेळ लागला, पण त्यांनी ती पल्याड नेली. उताराजवळ मात्र नाव आडवी करावीच लागते. त्याशिवाय माणसे उतरणार कशी. तिथे लाटा गुडघाभर येऊन फुटत होत्या. पहिली आत आली, दुसरी आत आली, तिसरीने नाव कलंडली.

पाणी कमरेएवढे होते. माणसे सगळी उभी राहिली, ओरडली, एकमेकांना धरून काठावर आली. मामांचा खांदा काठाच्या दगडावर आपटून निखळला. कारकुनाची पिशवी गेली. शेळीला पोहता येते. पाय मोकळे असले तर. नऊपैकी दोनच गयाबाईच्या हाताला लागल्या.

चौकशी लागली. ती शेळ्यांसाठी लागली असेल असे कोणाला वाटल्यास, त्याने सरकारी नोकरी केलेली नाही. पिशवीत कागद होते.

चौकशी हिरवळीवर झाली, भिंगरीच्या सावलीत. साहेबांनी माझ्याकडून त्या दिवसाच्या नोंदीची प्रमाणित प्रत घेतली: वारा मंद, लाटा नगण्य. यावरून निष्कर्ष शाळकरी मुलालाही काढता आला असता. हवामान अनुकूल असता नाव कलंडली, त्याअर्थी नावाड्याचा हलगर्जीपणा. गुत्ता रद्द करून दुसऱ्याला द्यावा, अशी शिफारस ठरली.

"तुला काही सांगायचंय का?" साहेबांनी मामांना विचारले. त्यांचा हात झोळीत बांधलेला होता.

"वल्हं उलटं व्हतं साहेब. मी सरळ केलं. चूक माजीच हाय."

"का केलंस सरळ?"

मामांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "लोकायला घाई व्हती," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात पुण्याहून मुलाखतीचे पत्र आले. चार दिवस मी काहीही केले नाही. हे चार दिवस या लेखातून वगळता आले असते. वगळण्याची मला सवय आहे. पण ते होते, आणि त्या चार दिवसांत मी मुलाखतीला कोणती साडी नेसायची हे ठरवले, हेही लिहून ठेवते.

पाचव्या दिवशी पल्याड गेले. नाव बंद म्हणून वळशाच्या एसटीने. गयाबाई दारात उरलेल्या दोन शेळ्यांना पाला टाकत होती. मी काय बोलायचे ते वाटेत जुळवले होते, त्यात 'खेद' हा शब्द दोनदा होता. तिने बोलूच दिले नाही.

"तूच का गं ती पाटीवाली?"

"हो."

"कारकून वाचून दावत व्हता. किनारा आंघोळीला चांगला हाय मनून लिवलं व्हतंस ना?" ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "घातली बग आंघोळ."

मग आत जाऊन तिने मला पाणी आणून दिले, कारण मी उन्हातून आले होते. ते पाणी कसे प्यायले, ते वर्णन करण्याची माझी तयारी नाही.

परत आल्यावर मी भांडारातली दुसरी भिंगरी काढली, बांबूला बांधली आणि घाटाच्या उघड्या टोकावर, बाभळीच्या रेषेत उभी केली. अकरा दिवस दोन्हीकडचा वारा एकाच वेळी मोजला. हिरवळीवर शिपाई, घाटावर मी. वारा दक्षिणेचा असो, पूर्वेचा असो, दोन्ही आकडे सख्ख्या भावंडांसारखे. पण पश्चिम आणि वायव्य यांच्या मधून आला, की घाटावर ताशी वीस आणि हिरवळीवर आठ. नीलगिरीची रांग वारा खाऊन टाकत होती. नेमक्या त्याच दिशेला वाऱ्याला सर्वांत लांब मोकळे पाणी मिळते, आणि त्याच दिशेला पल्याडचा उतार तोंड करून बसला आहे.

मग मी वगळलेले चौदा दिवस वहीतून काढले आणि दिशेप्रमाणे आलेखावर मांडले. चौदाही ठिपके त्या एका कोपऱ्यात जाऊन बसले. एकही बाहेर नव्हता. माझ्या सबंध निबंधात इतकी सुसंगत नोंद दुसरी नव्हती, आणि ती मी कचरा म्हणून काढली होती.

राहिले बेचके. मामांची वीत मी पट्टीने मोजली, तेवीस सेंटिमीटर. शांत पाण्याच्या तेवीस वर लाटेचा माथा जात असेल, तर तिचा खळगा साधारण तेवढाच खाली. म्हणजे लाट दोन विती, गुडघाभर. नाव आडवी झाल्यावर जी सोसत नाही तीच. पाणी चढले की वरचे बेचके, हा धरणाच्या पातळीचा हिशोबही त्यात होता. माझ्या तक्त्यात 'भरती-ओहोटी' म्हणून जो रकाना रिकामा होता, तो मामा रोज चिलीम ओढता ओढता भरत होते.

मी दोन पत्रे लिहिली. एक साहेबांना: दोन पावसाळ्यांच्या वाऱ्याच्या नोंदी सदोष आहेत, अपघाताच्या दिवशीची नोंदही, पाटीवरचा अंदाज चुकीचा होता, नावाड्याने नाव थांबवली होती आणि माझ्या शब्दावर सोडली. दुसरे पुण्याला: निबंध मागे घेत आहे.

साहेबांनी पत्र दोनदा वाचले. "मॅडम, तुम्ही हुशार आहात. हुशार माणसाने स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यावी?"

"सर, खांब हलवावा लागेल."

"ओटा पक्का आहे हो. नकाशात दाखवलाय." थोडा वेळ त्यांनी खिडकीतून हिरवळीकडे पाहिले. "आणि दिसतोही छान."

पुण्याहून उत्तर आले, की आपल्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटते, तथापि जागा भरण्यात आली आहे. कौतुक आणि तथापि यांच्यामध्ये स्वल्पविराम होता. त्या संस्थेचे लेखन काटेकोर आहे. खात्याने मला ठपक्याचे पत्र दिले: 'सदोष नोंदी ठेवल्याबद्दल.' त्यात खांबाचा उल्लेख नाही, कारण खांब निर्दोष आहे. तो आजही हिरवळीवर आहे. पाहुणे चहा घेतात.

गयाबाईला काही मिळाले नाही. शेळ्यांच्या भरपाईसाठी नैसर्गिक आपत्ती लागते, आणि नोंदीप्रमाणे त्या दिवशी निसर्ग शांत होता. माझी दुरुस्ती पोचली तेव्हा अर्जाची मुदत संपलेली होती. पाटीवरची स्नानाची ओळ तेव्हापासून मी लिहीत नाही, आणि तक्त्यातही दोन्ही शब्द खोडते. त्याबद्दल खुलासे मागवले जातात. ते मी देत नाही.

सटवाजीमामांचा गुत्ता मात्र राहिला. माझ्या पत्रामुळे हलगर्जीपणाची शिफारस टिकेना, म्हणून दिवाळीनंतर तो त्यांच्याकडेच कायम झाला. पण काहीतरी कारवाई दिसायला हवी होती, तेव्हा एक अट घातली गेली. यापुढे नाव सोडणे अथवा न सोडणे हे नावाड्याने स्वतःच्या मनाने ठरवू नये. सर्वस्वी निरीक्षकांच्या पाटीप्रमाणे वागावे. ज्या पाटीने त्यांना बुडवले, तिचीच आज्ञा त्यांनी पाळायची.

मी त्या अटीचा बारकाईने अभ्यास केला. पाटी कशाच्या आधारे लिहावी, याविषयी त्यात एक शब्दही नव्हता.

तेव्हापासून मी सकाळी सातच्या आधी घाटावर जाते. वल्हे नावेत आडवे असेल, तर पाटीवर 'नाव सुरू'. उलटे असेल, तर 'नाव बंद'. तक्त्यात ही नोंद कुठे करावी असा प्रश्न होता. जागा एकाच रकान्यात होती. आता भरती-ओहोटीच्या रकान्यात मी रोज लिहिते: 'बेचके तिसरे, वल्हे उलटे.' किंवा 'बेचके चौथे, वल्हे आडवे.' त्या दिवसापासून त्या रकान्याबद्दल एकही खुलासा मागवला गेलेला नाही. उलट गेल्या वर्षी तक्ता परिपूर्ण भरल्याबद्दल माझे नाव परिपत्रकात आले होते.

गेल्या भाद्रपदातली एक सकाळ. मी घाटावर पोचले तेव्हा वल्हे कुठेच रोवलेले नव्हते आणि नावेतही नव्हते. मामा ते मांडीवर आडवे घेऊन बसले होते. पाणी धड शांत नव्हते, धड उठलेलेही नव्हते. चढणीवर पाच-सहा माणसे थांबली होती. त्यांत गयाबाई, डोक्यावर भारा, बरोबर एक नवी शेळी, दोरीला धरलेली. तिचे पाय बांधलेले नव्हते. आता ती कोणत्याच शेळीचे पाय बांधत नाही; अख्खी वाट मांडीत दाबून धरते.

"मामा, आज काय?" मी विचारले.

"तुमी पाटी लिवा की, बाई. मी पाटीची वाट बघायलोय. कागदावर अंगठा हाय माजा."

"मी वल्ह्याची वाट पाहते आहे."

गयाबाईने वरून विचारले, "आरं, तुमी दोगं एकामेकाकडं बघून काय ठरवायलाव? पाणी तिकडं हाय."

मी खडू खाली ठेवला आणि मामांच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांनी चिलीम पेटवली. आम्ही बाभळीकडे पाहू लागलो.